हॉल मिळाला की कळवतो

नाना कुठल्याही खोलीत शिरले की आधी एक टाळी वाजवतात. एकच, पण खणखणीत. मग मान जरा तिरकी करून ती विरेपर्यंत ऐकतात. खोली लग्नाच्या कार्यालयातली असो, बँकेतली असो नाहीतर दाताच्या डॉक्टरची. टाळी चुकत नाही. मागे एका शोकसभेत त्यांनी ती वाजवली तेव्हा दिवंगतांच्या थोरल्या चिरंजीवांनी मान वळवून पाहिलं. नानांनी जुळलेले हात तसेच छातीशी नेले आणि टाळी नमस्कारात खपून गेली. बाहेर पडताना, चपला शोधता शोधता माझ्या कानाशी लागून म्हणाले, "फार सज्जन माणूस होता. आणि हॉल बघितलास का? ते पंखे बंद ठेवले तर दीडशे माणूस माइकशिवाय ऐकेल."

नाना आमच्या संगीत मंडळाचे चिटणीस. अध्यक्ष दर दोन वर्षांनी बदलतात, खजिनदार सहा महिने मुलाकडे अमेरिकेत असतात, चिटणीस मात्र नानाच. स्वतःला गाता येत नाही. पेटीच्या सुरावर बोट ठेवलंच तर ती वाजते की नाही एवढंच बघायला. पण यांच्यावाचून मंडळाचं पान हलत नाही, आणि यांच्यामुळे आम्हा सहचिटणिसांना रविवारची झोप नाही. असे नाना तुमच्याकडेही असतील. दादरला असतील, पार्ल्याला असतील, डोंबिवलीत तर पूर्वेला वेगळे आणि पश्चिमेला वेगळे असतील. नाव अण्णा असेल, भाऊ असेल, पण खांद्याला रेक्झिनची पिशवी तीच. पिशवीत पावतीपुस्तक, टॉर्च, चिकटपट्टी, सेफ्टी पिनांची डबी, खडीसाखर, तबलजी विसरला तर हातोडी आणि तंबोऱ्याच्या जव्हारीसाठी सुती दोऱ्याचं रीळ. मोजपट्टी नाही. नाना जागा फुटांत मोजतच नाहीत. "सहा सतरंज्या, आणि दाराकडे एक आडवी" हे त्यांचं क्षेत्रफळ. एका बिल्डरच्या माणसाने त्यांना कार्पेट, बिल्टअप आणि सुपर बिल्टअप यांतला फरक अर्धा तास समजावला. नानांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सुपर बिल्टअपवर मांडी घालता येते का?"

मंडळाला गवई मिळतात. साथीदार मिळतात. श्रोतेही मिळतात, नानांची वर्गणी वसूल करण्याची पद्धत पाहता त्यांना सुटका नसते. मिळत नाही ती जागा. पुढचा कार्यक्रम कधी, असं कुणीही विचारलं की नानांचं उत्तर ठरलेलं: "हॉल मिळाला की कळवतो." गेल्या दिवाळीला मी शुभेच्छांचा फोन केला, तेव्हाही सवयीने हेच म्हणाले.

त्यांच्याबरोबर टॅक्सीत बसणं हा एक वेगळाच प्रसंग असतो. नानांच्या डोक्यातला मुंबईचा नकाशा आजच्या मुंबईशी फारसा जुळत नाही. "लालबागला हनुमान थिएटरपाशी डावीकडे घ्या," असं ते पंचविशीतल्या टॅक्सीवाल्याला बजावतात आणि तो बिचारा मोबाइलमध्ये शोधत बसतो. हनुमान थिएटर म्हणजे गिरणगावातलं तमाशाचं हक्काचं ठिकाण. १९८२चा संप झाला, पुढे गिरण्या बसल्या, पाळी सुटल्यावर तिकडे वळणारी माणसं गावी गेली. मग फडही थांबले आणि तिथे लग्नाचा हॉल झाला. "ढोलकी गेली, बँड आला," नाना म्हणतात. "वाजतंय म्हणजे अजून." पुढे परळ आलं की दामोदर नाट्यगृह. १९२२चं. कोकणातून आलेल्या चाकरमान्यांचं नमन, शक्ती-तुरा, कामगारांची नाटकं, सगळं तिथे व्हायचं. २०२३ संपता संपता ते बंद झालं आणि मग पुनर्विकासासाठी पाडलं गेलं. कलावंतांनी आंदोलन केलं तेव्हा नाना खालच्या फुटपाथवर उभे राहून आले. वास्तविक नाना किराण्याचे भक्त, शक्ती-तुऱ्याशी त्यांचा सुतराम संबंध नाही. मी तसं म्हटल्यावर भडकले. "मला त्यातलं काही कळत नाही, कबूल. पण त्या लोकांना परळात तेवढ्या भाड्यात दुसरं स्टेज दाखव, मग बोल."

धोबीतलावला टॅक्सी आली की नाना काच खाली करतात. "हे रंगभवन." उघड्यावरचं नाट्यगृह. तिथे नाटकं झाली, जॅझ यात्रा भरली, लांब केसांच्या पोरांचा 'इंडिपेंडन्स रॉक' गाजला. पण शेजारी इस्पितळं, शेजारी कॉलेज. शांतता क्षेत्राचा नियम आला आणि गाणंबजावणं थांबलं. इस्पितळ, शाळा किंवा कोर्टापासून शंभर मीटरपर्यंत शांतता क्षेत्र, असा तो नियम. नानांनी त्यावर बराच विचार केलेला आहे. "या मुंबईत शंभर मीटरवर शाळा नाही, इस्पितळ नाही, कोर्ट नाही अशी एकच जागा आहे. समुद्र." पूर्वी ते हे हसत सांगायचे. अलीकडे त्यांनी गेटवेच्या लाँचवाल्याकडे भाड्याची चौकशी केल्याचं कळलं.

नानांचं बालपण गिरगावातल्या चाळीत गेलं, आणि त्यांचे कान तिथेच तयार झाले. तीन बाजूंना लाकडी गॅलऱ्या, मधे चौक, चौथ्या बाजूला गल्ली. गणपतीत चौकात मांडव पडायचा आणि नावाजलेले गवई येऊन गायचे. तिकीट नाही, पास नाही. चौकात सतरंजीवर पुरुष, पहिल्या-दुसऱ्या मजल्याच्या कठड्याला रेलून बायका आणि जिन्याच्या पायऱ्यांवर पोरं. नाट्यगृह बांधणाऱ्याने याहून वेगळं काय बांधलं असतं? शिवाय लाकडी जमीन, वर कौलं, गॅलरीत वाळत घातलेली लुगडी आणि दोन-तीनशे माणसांची अंगं. आवाज घुमायला वावच नसायचा, सूर गेला की स्वच्छ जायचा. नानांनी आयुष्यातला पहिला मालकंस नळाच्या रांगेतल्या पालथ्या बादलीवर बसून ऐकला. "पाणी चार वाजता यायचं, म्हणून बादली लावून बसलो होतो. पाणी आलं, भरलं, गेलं. मी तिथेच." काकूंच्या मते नानांच्या संसाराचं सार याच गोष्टीत आहे.

मला ही गोष्ट फार उशिरा लक्षात आली: नाना ज्या जागांसाठी हळहळतात त्यांतल्या निम्म्याअधिक जागा गाण्यासाठी बांधलेल्याच नव्हत्या. शाळेचा हॉल शाळेचा होता, रात्री रिकामा असायचा. बाकं भिंतीला लावली की झालं. कार्यालय लग्नांसाठी होतं, पण चातुर्मासात आणि पौषात मालक माश्या मारायचा. मग तो नानांसारख्यांना चहाच्या पैशात चावी देऊन टाकायचा, वर स्वतःच पहिल्या रांगेत येऊन बसायचा. मंडळाचा सगळा कारभार अशा रिकाम्या वेळांवर चालायचा. नाना आजही दर वर्षी दाते पंचांग विकत घेतात आणि उलटं वाचतात. लोक मुहूर्त शोधतात, नाना मुहूर्त नसलेला दिवस शोधतात. गुरुशुक्राचा अस्त आला की त्यांचा चेहरा फुलतो. वर्षाचं कॅलेंडर आखताना एकदा म्हणाले, "या साली शुक्र चांगला बुडालाय. तीन बैठका बसतील."

पण आता रिकामं कोण राहू देतो? शाळेच्या हॉलमध्ये संध्याकाळी क्लास आणि सकाळी झुंबा. कार्यालयाचं नाव 'बँक्वेट' झालं, आणि बँक्वेटला पौष नसतो. पौषात बेबी शॉवर होतात, अधिक मासात कंपन्यांची ट्रेनिंगं होतात. ज्या दिवशी काहीच नसतं त्या दिवशी चादरी आणि कुर्त्यांचा सेल लागतो, सकाळी दहा ते रात्री नऊ, पार्किंग फुकट. हॉलवाल्याला दोष तरी कसा देणार? त्याच्या जागेच्या फुटाफुटाचा भाव रस्त्यावरच्या दलालाला पाठ आहे. आमच्या मंडळाचे साठ-सत्तर श्रोते तीन तासांत मिळून जेवढे पैसे देतात तेवढे एक कुर्तेवाला दुपारच्या जेवणाआधी देतो.

तरी नाना बुकिंगच्या टेबलापुढे बसतात. हे दृश्य प्रत्येक सहचिटणिसाने एकदा पाहावं.

"कसलं फंक्शन आहे, अंकल?"

"गाणं आहे. बैठक."

"म्हणजे संगीत सेरेमनी? लग्न कधी आहे?"

"लग्न नाही. नुसतं गाणं."

टेबलामागचा मुलगा सज्जन असतो. तो रजिस्टर चाळतो. वाढदिवस, साखरपुडा, रिसेप्शन, सेल, कॉन्फरन्स असे रकाने असतात, त्यांत कुठेच 'गाणं' बसत नाही. शेवटी तो 'इतर' या रकान्यात खूण करतो. मग विचारतो, "पॅक्स किती?" नाना म्हणतात, "सहा सतरंज्या." तो म्हणतो, "केटरिंग आमच्याकडूनच घ्यावं लागेल." नाना म्हणतात, "मध्यंतरात चहा आणि एकेक बटाटेवडा." तो दर सांगतो. नाना ऐकतात, पिशवीतली खडीसाखर काढून एक तुकडा त्याला देतात, एक आपण तोंडात टाकतात आणि उठतात. जाताना हॉलच्या दारात उभं राहून टाळी मात्र वाजवून घेतात. "काचा फार," म्हणतात. "आणि खाली व्हिट्रिफाइड. तान म्हटली की चार तानांसारखी ऐकू येईल. गवई खूश होईल, पण ती फसवणूक झाली."

जागा मिळालीच, तर पुढचा शत्रू एसी. नानांचं एसीशी वैर शास्त्रशुद्ध आहे. आपल्याकडची वीज पन्नास सायकलची, तिच्यावर चालणारं यंत्र गुणगुणतं ते शंभरावर. म्हणजे पांढरी पाचच्या किंचित वर. "सगळ्या मुंबईचा हा षड्ज आहे," नाना सांगतात. "ट्रान्सफॉर्मर, ट्यूबचा चोक, लिफ्ट, सगळे त्याच सुरात. आता आपले बुवा काळी एकचे. मग तो एसी कुठे येतो? तीव्र मध्यम आणि पंचम यांच्या मधे लोंबकळतो. यमन लावायचा तरी कसा?" एकदा खरंच एका तरुण गायिकेने आलापी थांबवून विचारलं, मागे कुणी तिसरा तंबोरा लावलाय का? नानांना त्या दिवशी झालेला आनंद मुलीच्या लग्नातही झाला नव्हता. ते तडक बटणाकडे गेले. पुढचे दोन तास आम्ही घामाने निथळत शुद्ध पंचम ऐकला.

आणि मग रात्रीचे दहा. उघड्यावर दहानंतर लाउडस्पीकर बंद, हा २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांतला दंडक, २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने तो पक्का केला. वर्षातून पंधरा दिवस बारापर्यंत सूट देता येते, पण ते दिवस गणपती-नवरात्रालाच पुरत नाहीत, आमच्या मंडळाला कोण देणार? बंद हॉलला नियमात मोकळीक आहे. हॉलच्या वॉचमनच्या मात्र ती कानावर आलेली नाही. तो साडेनऊलाच किल्ल्यांचा जुडगा वाजवू लागतो, आणि द्रुत लयीत तो तबल्याच्या आडवा येतो. म्हणून नाना गवयाच्या बरोबर समोर भिंतीवर घड्याळ लावतात, दहा मिनिटं पुढे केलेलं. पावणेदहाला भैरवी! ज्या पिढीने भैरवी ऐकून बाहेर पडल्यावर दूधवाला पाहिला, ती आता भैरवी ऐकून घरी जाऊन जेवते. पुण्याच्या सवाई गंधर्वची गोष्टही तीच. भीमसेनजींनी १९५३ साली गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला महोत्सव. रमणबागेत रात्र रात्र चालायचा, कडाक्याच्या थंडीत शाली गुंडाळून लोक पहाटेची तोडी ऐकायचे. आता तो रमणबागेतून मुकुंदनगरला गेला आणि घड्याळाप्रमाणे चालतो. "दुपारी तीनला मुलतानी, भीमपलासी यांचं भलं झालं," नाना न्यायबुद्धीने कबूल करतात. "पण अडाणा, सोहोनी, ललत यांनी काय करायचं? हे राग आता घरी एकट्याने ऐकायचे, चोरून?"

ध्वनिक्षेपकांच्या गोंगाटाने ज्यांची झोप उडते त्यांची बाजूही मला पटते, मी नाक्यावरच्या इमारतीत राहतो. पण नानांचा तंबोरा आणि नाक्यावरची डीजेची भिंत यांना एकच कायदा लागावा आणि तो नेमका तंबोऱ्याने पाळावा, यात काहीतरी गंमत आहे खरी.

कुणी म्हणतं, नाना, एनसीपीए आहे की. नाना कानाची पाळी धरतात. टाटा थिएटर १९८०चं, आणि त्याच्या ध्वनिरचनेचं काम सिरिल हॅरिस या अमेरिकन माणसाचं. नाना त्याचा उल्लेख 'हॅरिसबुवा' असा करतात, जणू किराण्याचेच कुणी. "हॅरिसबुवांनी काय कान दिलाय त्या जागेला! शेवटच्या रांगेत जव्हारी ऐकू येते." पण कार्यक्रम सुटल्यावर नरिमन पॉइंटहून चर्चगेट, तिथून दादर, तिथून डोंबिवली. आमचे निम्मे सभासद गुडघ्याचे. त्यातून मोठ्या नाट्यगृहात गवई वर आणि माणूस खाली. बैठकीत गवयाच्या डोळ्यांत बघून 'वा' म्हणता येतं आणि तो त्या 'वा'वर पुढची जागा घेतो. हजार खुर्च्यांत ती 'वा' पाठीमागच्याला त्रास देते.

माझ्या पुतण्याच्या बँडमुळे नाना लोअर परळच्या ब्लू फ्रॉगमध्येही जाऊन आले आहेत. मथुरादास मिलच्या आवारातली ती जागा, २००७ साली सुरू झाली, २०१६ साली बंद पडली. आत गोल गोल वाट्यांसारख्या बैठका होत्या, एकावर एक चढत गेलेल्या. धोतरातले नाना त्यांतल्या एका वाटीत मांडी घालून बसले आणि वेटरने काय घेणार विचारल्यावर "कोमट पाणी" म्हणाले. टाळी वाजवली. चेहऱ्यावर आदर पसरला. "आवाजाचं काम चोख केलंय," पुतण्याला म्हणाले. "तुमचं गाणं मला झेपलं नाही, पण प्रत्येक वाद्य सुटं ऐकू आलं. जागा जपा." जागा बंद झाल्याचं कळलं तेव्हा पुतण्याला त्यांनी आपणहून फोन केला. अर्धा तास बोलले. तेव्हापासून दोघांचं मेतकूट जमलंय. पुतण्या ड्रम वाजवायला गच्ची शोधतो, नाना बैठकीला खोली शोधतात, आणि रोज रात्री एकमेकांना रिकाम्या जागांचे फोटो पाठवतात. परवा पुतण्याने बंद पडलेल्या बँकेच्या शाखेचा पाठवला. नानांचं उत्तर: "तिजोरीच्या खोलीत पखवाज छान लागेल."

आता एक गोष्ट नानांना आवडणार नाही, पण सांगतो. गिरगावातली ती चाळ, तो चौक, त्या गॅलऱ्या, यांच्या पुनर्विकासाच्या संमतीपत्रावर पहिल्या पाचांत नानांची सही होती. जिना कुजला होता, पाऊस आला की टेकू लावायचे, आणि काकूंना मध्यरात्री सार्वजनिक संडासाकडे जाताना हातात बॅटरी धरावी लागायची. त्यांनी अजून किती दिवस मालकंस ऐकत काढायचे होते? सही केली हे बरंच केलं. मात्र बिल्डरबरोबरच्या सभेत सगळे कॉर्पस किती, भाडं किती, गाडीची जागा किती हे विचारत असताना नानांनी हात वर करून विचारलं होतं, "नव्या नकाशात चौक कुठे आहे?" आर्किटेक्टने पॉइंटर फिरवून दाखवलं: पोडियम, त्याखाली पार्किंगचे मजले, वर जिम. चौक निघाला नाही. सभेचं कामकाज पुढे गेलं.

त्या पोडियमखालच्या दुसऱ्या मजल्यावर, पार्किंगमध्ये, नानांनी एका रविवारी सकाळी बैठक केलीच. टाळी वाजवली तर ती कितीतरी वेळ परत येत राहिली. हार मानतील तर ते नाना कसले? जुन्या ओळखीच्या बिऱ्हाडांकडून गाड्यांची आवरणं मागून आणली, खांबाखांबाला गुंडाळली, मधे सतरंज्या. आवाज बऱ्यापैकी बसला. बुवांनी तोडी धरली. कोमल गंधार असा लागला की मागे बसलेल्या आमच्या खजिनदारांनी डोळे मिटले, आणि त्याच क्षणी एक मोटार उलटी निघाली, ती टींव टींव टींव करत. बुवा अनुभवी. त्यांनी तो टींव ऐकून घेतला, मान हलवली आणि तोच स्वर पकडून एक छोटीशी तान घेतली. लोक हसले, 'क्या बात है' झालं. एवढ्यात वर सोसायटीच्या ग्रुपवर संदेश पडला होता: दुसऱ्या लेव्हलला कुणीतरी बराच वेळ मोठ्याने रडत आहे, सिक्युरिटीने कृपया बघावं. सिक्युरिटीवाला आला, त्याने एनओसी मागितली. पुढच्या आठवड्यात परिपत्रक निघालं की पार्किंगचा वापर फक्त पार्किंगसाठी करावा. नानांनी त्याची प्रत पिशवीत ठेवली आहे.

घरी बैठक करायचा मार्गही चोखाळून झाला. पण नव्या फ्लॅटमध्ये काकूंनी सोफा घेतला. चाळीत चाळीस वर्षं चटईवर काढल्यावर घेतलेला तीन-अधिक-दोन असा मरून सोफा. बैठकीच्या दिवशी तो शेजाऱ्यांकडे हलवावा, असा प्रस्ताव नानांनी मांडला. काकू म्हणाल्या, "अहो, सोफा राहील. तुम्ही शेजाऱ्यांकडे जाऊन बसा." ठराव फेटाळला गेला. तसं काकूंनाही गाणं आवडतं, बटाटेवडे त्याच करतात, शंभर शंभर. सोफ्याला हात लावू देत नाहीत, इतकंच.

गेल्या महिन्यात नानांचा सकाळी साडेसहाला फोन आला. "हॉल मिळाला."

ठाण्याच्या पलीकडे एक टॉवर उठतोय. त्याच्या विक्री कार्यालयात एक सॅम्पल फ्लॅट मांडून ठेवलाय. नाना कुणाच्या तरी भाच्याबरोबर सहज म्हणून बघायला गेले आणि दिवाणखान्यात पाऊल ठेवल्याबरोबर टाळी वाजवली. मग परत वाजवली. "अरे, काय सांगू तुला! गालिचा हा एवढा जाड. भिंतभर पडदे. छताला कापड. एकही काच उघडी नाही. टाळी वाजली आणि जागच्या जागी बसली. हॅरिसबुवा असते तर त्यांनी मान डोलावली असती." मी दुसऱ्या दिवशी बघायला गेलो. घर सुंदर होतं आणि त्यातलं काहीही खरं नव्हतं. टीव्ही पुठ्ठ्याचा, पुस्तकांच्या नुसत्या पाठी, फ्रिजमध्ये प्लास्टिकची मोसंबी. पलंग मुद्दाम आखूड केलेला, खोली मोठी दिसावी म्हणून. नाना त्याच्यावर आडवे झाले तर पाय घोट्यापासून बाहेर. पण टाळी खरंच जागच्या जागी बसत होती. मीही वाजवून पाहिली.

काकूंना कळलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "त्यांच्याही दिवाणखान्यात सोफा असेलच."

"तो हलका आहे," नाना म्हणाले. "थर्माकोलचा आहे. उचलून ठेवला की झालं."

विक्री विभागाचा मॅनेजर, टाय लावलेला तिशीचा मुलगा, भाडं नको म्हणाला. पन्नास माणसं येणार, तीही ज्येष्ठ, म्हणजे ठेवी असलेली. त्याला हे फार आवडलं. फक्त अट एकच होती. बुवांनी गाण्याच्या आधी प्रकल्पाचं नाव घ्यायचं आणि वन बीएचकेची सुरुवातीची किंमत सांगायची.

माझा चेहरा उतरला. नाना शांत होते. त्यांनी पिशवीतून खडीसाखर काढली, मुलाला दिली, आपण घेतली.

"आधी नाही," ते म्हणाले. "विलंबित लागतो, त्याच्या तोंडावर किंमत सांगितली तर माणूस दचकतो. मध्यंतरात सांगा. वडा हातात असताना."

"चालेल, सर. पण बुवांनी सांगायला हवं."

"बुवा नाही. मी सांगतो. प्रकल्पाचं नाव, किंमत, सगळं सांगतो. कार्पेट किती तेही सांगतो, सुपर बिल्टअप मी सांगत नसतो."

मुलाने जरा विचार करून हात पुढे केला.

"आणि हा एसी," नाना हात न मिळवता म्हणाले, "हा बंद कुठून होतो?"